‘नांव सांगा आणि सुटा!’

लहान मूल तिन्हीसांजेला एकाएकीं रडूं लागलें, अंगावर घेईना, डोळा मिटीना, कीं घरांतील वडील स्त्री मुठींत मीठमोहऱ्या घेते, मुलावरून उतरते आणि विस्तवावर टाकते. मोहऱ्या तडतडतात, मूल थकून झोपीं जातें आणि सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. हा प्रकार आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपापल्या घरीं पाहिला असेल. सुशिक्षित सुना त्यास हंसत असतील, आणि हंसतां हंसतां मुलाला पुढेंहि करीत असतील. या उताऱ्याच्या वेळीं जें पुटपुटलें जातें त्यांत घरच्यादारच्या, ओळखीच्या-अनोळखी अशा साऱ्यांच्याच दृष्टीचा एकत्र निकाल लावलेला असतो. अमक्याच बाईची दृष्ट लागली असें नांव घेऊन सहसा कोणी म्हणत नाहीं. म्हटलेंच तर एखादी शहाणी आजी तें बोलणें तेथल्या तेथें तोडते.

हें नांव घेण्याचा जेथें प्रघात आहे तेथें काय होतें, हें पाहण्यास फार दूर जावयास नको. आपल्याच महाराष्ट्रांत, सातपुड्याच्या कुशींतील नंदुरबारकडच्या पाड्यांतून, गांवांत आजार आला कीं तो कोणी आणला असा प्रश्न विचारला जातो, आणि एखाद्या बाईवर डाकीण असल्याचा आळ येतो. मग मारहाण, गांवाबाहेर हांकलणें, क्वचित् त्याहूनहि भयंकर असें कांहीं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं ज्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि जो २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाल्यावर प्रथम वटहुकुमाच्या रूपानें अमलांत आला, त्याच्या कक्षेंत हा प्रकार येतो.

परंतु हें अडाणी लोकांचें काम, आपला त्याच्याशीं काय संबंध, अशी ज्यांची समजूत असेल त्यांच्यासाठींच आम्ही आज एक दूरदेशची हकीकत सांगण्यास बसलों आहों. तींत नांव विचारणारे लोक लिहितेवाचते, धर्मशील आणि कायदा जाणणारे होते; त्यांचा मुख्य न्यायाधीश तर हार्वर्ड विद्यालयांत शिकलेला होता. आणि तोच प्रश्न अडीचशें वर्षांनंतर त्याच देशाच्या राजधानींत पुन्हां विचारला गेला, तेव्हां तर चेटकाचा कोणीं उच्चारहि केला नव्हता.

सन १६९२ च्या जानेवारी महिन्यांत, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स या तेव्हांच्या इंग्रजी वसाहतींत, सेलेम नांवाच्या खेड्यांत, सॅम्युएल पॅरिस या धर्मोपदेशकाच्या घरीं त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची भाची ॲबिगेल विल्यम्स यांस चमत्कारिक झटके येऊं लागले. अंग पिळवटे, मुली किंचाळत, पलंगाखालीं दडत. वैद्यानें पाहिलें आणि हा दुष्ट हाताचा प्रताप आहे असें निदान केलें. शेजारच्या घरांतील मुलींनाहि तेंच होऊं लागलें. येथपर्यंतचा भाग आपल्या परिचयाचा आहे. एका मुलीच्या अंगांत आलें कीं चार जणींच्या अंगांत येतें, हें कोणत्याहि जत्रेंत दिसतें. पुढें १९७६ सालीं एका संशोधिकेनें, राय नांवाच्या धान्यावर वाढणारी विषारी बुरशी मुलींच्या पोटांत गेली असावी, असा तर्क मांडला. तो बहुतेक इतिहासकारांनीं मानला नाहीं. आम्हांस विचाराल तर तो खरा असता तरी फारसें अडत नव्हतें. बुरशीनें मुलींचे झटके समजतील. न्यायाधीशांच्या सह्या तिनें कशा समजाव्या?

मुलींना विचारण्यांत आलें, कोण छळतें तुम्हांस? तीन नांवें निघालीं. टिट्यूबा ही पॅरिसच्याच घरांतील गुलाम स्त्री. सारा गुड ही दारोदार भीक मागणारी, तोंडाळ बाई. आणि सारा ऑस्बर्न ही अंथरुणाला खिळलेली, जमिनीच्या तंट्यांत सांपडलेली विधवा. (तिनें दुसरें लग्न केलें होतें, तेंहि गांवाला रुचलें नव्हतें.) निवड कशी होते पाहा! जिच्यामागें उभें राहणारें कोणी नाहीं, अशीच बाई आधीं आठवते. १ मार्च रोजीं जॉन हॅथॉर्न व जोनाथन कॉर्विन या दंडाधिकाऱ्यांपुढें चौकशी सुरू झाली. सारा गुडनें आरोप नाकारला, पण फारच घेरल्यावर ऑस्बर्नकडे बोट दाखविलें. टिट्यूबानें मात्र सर्व कबूल केलें. बोस्टनहून आलेला एक उंच पुरुष, त्याच्याजवळचें एक पुस्तक आणि त्या पुस्तकांत सैतानास वाहून घेणाऱ्यांनीं केलेल्या नऊ खुणा. दोन खुणा गुड आणि ऑस्बर्न यांच्या. बाकीच्या कोणाच्या हें तिला सांगतां येईना. धन्यानें मारहाण करून ही कबुली वदवली, असें ती पुढें म्हणाल्याचें त्या काळच्या एका लेखकानें नमूद करून ठेविलें आहे.

वाचकांनीं हा नवाचा आंकडा ध्यानांत ठेवावा. तोपर्यंत गांवांत तीन संशयित बायका होत्या. आतां बेपत्ता चेटक्यांचा हिशेब सुरू झाला. त्या कोणीहि असूं शकत होत्या: शेजारीण, सासू, देवळांत पुढच्या बांकावर बसणारी म्हातारी. मेच्या अखेरीस तुरुंग भरून गेले, आणि नवा गव्हर्नर सर विल्यम फिप्स यानें इंग्लंडहून येतांच खास न्यायासन नेमलें. त्याचा मुख्य विल्यम स्टाउटन हाच आम्ही वर उल्लेखिलेला विद्वान. आरोपीचा देह घरीं झोंपलेला असला तरी त्याची छाया येऊन मला चिमटे काढते, गळा दाबते, असें पीडित मुलीनें सांगितलें कीं तो पुरावा या न्यायासनास चाले. जी छाया एकीलाच दिसते तिचें खंडन दुसऱ्यानें कसें करावें?

तरी याहूनहि एक विलक्षण नियम तेथें हळूहळू प्रस्थापित झाला. तो कोणीं लिहिलेला नव्हता, पण गांवांतील प्रत्येकास कळून चुकला होता. जो ‘होय, मी चेटकी’ असें कबूल करी आणि आणखी चार नांवें सांगे, तो वांचे; कारण पुढील खटल्यांस साक्षीदार हवे असत. जो ‘मी निरपराधी आहें’ म्हणे, तो फांसावर जाई. सुमारें पन्नास जणांनीं कबुली दिली. फांशी गेलेल्या एकोणीस जणांपैकीं, ज्यांत चौदा स्त्रिया होत्या, शेवटपर्यंत कबुलीवर टिकलेलें एकहि माणूस नाहीं. सॅम्युएल वॉर्डवेल यानें प्रथम कबुली दिली होती. ती खोटी होती असें त्यानें सांगितलें, आणि २२ सप्टेंबरला तो फांशी गेला. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरांतील शेतकऱ्यानें न्यायासनापुढें जबाब देण्याचेंच नाकारलें. त्याच्या छातीवर दगड रचून त्यास मारण्यांत आलें. (सेलेमांत चेटकिणी जाळल्या असें आपल्याकडे पुष्कळ जण समजतात, जाळण्याचा प्रकार युरोपांतला, येथें एकासहि जाळलें नाहीं.)

आमच्या वाचकांस, जीं बहुधा चार-चार भावांच्या एकत्र कुटुंबांत नांदतात, या कथेंतील घरांची दशा अधिक जाणवेल म्हणून ती थोडी सविस्तर सांगतों. सारा गुडचा नवराच दंडाधिकाऱ्यांपुढें म्हणाला कीं, ही चेटकी आहे किंवा लवकरच होईल असें मला भय वाटतें. तिची डॉरथी नांवाची चार-पांच वर्षांची मुलगी, तीहि चेटकी ठरून बेड्यांसह तुरुंगांत गेली. अंगावरचें तान्हें तुरुंगांतच वारलें. आईला १९ जुलैला फांशी दिलें. डॉरथी कित्येक महिन्यांनीं सुटली. अठरा वर्षांनीं, १७१० सालीं, त्याच बापानें सरकारकडे अर्ज केला कीं, ही मुलगी तेव्हांपासून शुद्धीवर नाहीं, तिला सांभाळण्याचा खर्च मला झेपत नाहीं. नुकसानभरपाई त्याला मिळाली. हा अर्ज लिहितांना आपली १६९२ मधील साक्ष त्यास आठवली असेल काय, याचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

रिबेका नर्स ही एकाहत्तर वर्षांची, मुलांनातवंडांनीं भरलेल्या घरांतील साध्वी. तिच्या बाजूनें एकोणचाळीस शेजाऱ्यांनीं अर्जावर सह्या केल्या, आणि त्या दिवसांत असल्या कागदावर सही करणें म्हणजे आपलें नांव यादींत जाण्यास वाट करून देणें होतें. ज्यूरीनें तिला प्रथम निर्दोष ठरविलें. मुली किंचाळूं लागल्या. स्टाउटननें ज्यूरीस फेरविचारास सांगितलें. एका कबुलीजबाब दिलेल्या स्त्रीस पाहून ‘ही तर आमच्यांतलीच’ असें नर्सबाई म्हणाली होती, त्याचा अर्थ काय असें तिला विचारण्यांत आलें. तिच्या मनांत अर्थ होता ‘आमच्याबरोबरची कैदी’. पण ती कानांनीं अधू, दुःखानें भरलेली, तिनें तो प्रश्न ऐकलाच नाहीं. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ ज्यूरीनें लावला आणि निकाल फिरला.

आणि मार्गारेट जेकब्स. सोळा-सतरा वर्षांची ही मुलगी स्वतः पकडली गेली, तेव्हां तिनें जीव वांचविण्यासाठीं आपल्या सख्ख्या आजोबांचें आणि जॉर्ज बरोज या पूर्वींच्या धर्मोपदेशकाचें नांव घेतलें. नियमाप्रमाणें ती वांचली होती. पण तिच्यानें तें सहन होईना. आपण भयापोटीं खोटें बोललों, असें तिनें अधिकाऱ्यांस लेखी कळविलें, आणि कबुलीचें अभयदान आपण होऊन सोडून दिलें. अधिकाऱ्यांनीं तिची कबुली खरी मानली होती. माघार मात्र खरी मानली नाहीं. फांशीच्या आदल्या दिवशीं तिनें बरोजची क्षमा मागितली. त्यानें ती केली आणि तिच्याबरोबर प्रार्थनाहि केली. १९ ऑगस्टला आजोबा जॉर्ज जेकब्स आणि बरोज दोघांसहि फांशी दिलें. बरोजनें शिडीवरून येशूची प्रार्थना एकहि शब्द न चुकतां म्हटली. चेटक्याला ती म्हणतांच येत नाहीं अशी लोकसमजूत असल्यामुळें गर्दी हालली, तेव्हां घोड्यावर बसलेल्या कॉटन मॅदर या प्रसिद्ध धर्मोपदेशकानें तिला शांत केलें. मार्गारेट त्या वेळीं आजारी पडल्यानें तिचा खटला लांबला, आणि पुढें ती सुटली.

हें भय केवळ कल्पनेंतून आलें होतें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. वसाहतीची सनद १६८४ मध्यें रद्द झाली होती. उत्तरेकडे वाबानाकी लोकांशीं आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांशीं युद्ध चालू होतें. मुलींना झटके येत होते त्याच जानेवारींत यॉर्क हें गांव उद्ध्वस्त झालें. आरोप करणाऱ्यांतील मर्सी लुइस ही मोलकरीण याच सरहद्दीवरील कत्तलींत पोरकी झालेली, आणि एके काळीं बरोजच्याच घरीं राहिलेली होती. शत्रु खरा होता, पण तो जंगलांत होता आणि हातीं लागत नव्हता. शेजारीण हातीं लागत होती.

हें सारें थांबलें तें आरोप वरच्या मजल्यावर पोंचल्यावर. ऑक्टोबरांत इन्क्रीझ मॅदर या वृद्ध धर्मशास्त्र्यानें, एका निरपराध्याचा बळी जाण्यापेक्षां दहा संशयित चेटकी सुटलेले पत्करले, असें लिहिलें. त्याच सुमारास गव्हर्नरच्या पत्नीचेंच नांव निघालें. न्यायासन बरखास्त झालें. नव्या न्यायालयानें छायेचा पुरावा बाजूस ठेविला, तेव्हां जवळजवळ सर्वच आरोपी निर्दोष ठरले. तरी तुरुंगाचा खर्च ज्याचा त्यानें भरल्याखेरीज सुटका नसे. टिट्यूबाचा खर्च दुसऱ्याच कोणी भरला आणि तिला विकत नेलें.

आतां आपण २६० वर्षें पुढें येऊं. १९५२ सालीं आर्थर मिलर हा न्यूयॉर्कचा नाटककार सेलेमचीं जुनीं न्यायालयीन कागदपत्रें वाचण्यास निघाला. वाटेंत तो एलिया कझान या आपल्या दिग्दर्शक मित्राच्या घरीं थांबला होता. कझाननें मिलरचीं दोन नाटकें रंगभूमीवर गाजविलीं होतीं. त्यानें मिलरला सांगितलें कीं, प्रतिनिधिगृहाच्या चौकशीसमितीपुढें आपण जुन्या सोबत्यांचीं नांवें सांगणार. तरुणपणीं कम्युनिस्ट पक्षांत आपल्याबरोबर असलेल्या नाट्यसंस्थेंतील आठ जणांचीं नांवें त्यानें एप्रिलांत सांगितलींहि. मिलर पुढें सेलेमला गेला, आणि त्यानें ‘दि क्रूसिबल’ हें नाटक लिहिलें. तें २२ जानेवारी १९५३ रोजीं रंगभूमीवर आलें. (नाटकांत ॲबिगेल सतरा वर्षांची तरुणी आहे आणि शेतकरी प्रॉक्टरशीं तिचा प्रेमसंबंध दाखविला आहे, वस्तुतः ती अकराची आणि तो साठीचा होता. नाटकावरून इतिहास शिकणाऱ्यांनीं एवढें जपावें.)

अमेरिकेंत तेव्हां काय चाललें होतें? १९४९ च्या ऑगस्टांत रशियानें अणुबाँबचा स्फोट केला, ऑक्टोबरांत चीनमध्यें कम्युनिस्ट सत्ता आली, १९५० च्या आरंभीं क्लाउस फुक्स हा अणुशास्त्रज्ञ रशियाचा हेर निघाला. अशा वेळीं, ९ फेब्रुवारी १९५० रोजीं, व्हीलिंग या गांवीं जोसेफ मॅकार्थी नांवाच्या सिनेटरनें जाहीर केलें कीं, परराष्ट्रखात्यांत काम करणाऱ्या कम्युनिस्टांची यादी आपल्या हातांत आहे, आणि तींत २०५ नांवें आहेत. कांहीं दिवसांत तो आंकडा ५७ झाला, सिनेटांत गेल्यावर ८१. यादी मात्र कोणास दिसली नाहीं. टिट्यूबाच्या पुस्तकांतील नऊ खुणा आमच्या वाचकांस येथें आठवल्या असतील.

येथें एक भेद सांगणें न्यायाचें होईल. सेलेमांत चेटकिणी नव्हत्याच; अमेरिकेंत रशियाचे हेर खरोखर होते. १९९५ मध्यें अमेरिकन सरकारनें उलगडलेले जुने सांकेतिक संदेश प्रसिद्ध केले, त्यांवरून ही गोष्ट निर्विवाद ठरली. पण समित्यांपुढें जे नट, लेखक, शिक्षक आणि कारकून उभे केले गेले, त्यांतील बहुतेकांजवळ अणुबाँबचें काय, पण शेजाऱ्याच्या चुलीचेंहि गुपित नव्हतें.

समितीची रीति मात्र जुनीच निघाली. १९४७ मध्यें उत्तर देण्याचें नाकारणारे चित्रपटसृष्टींतील दहा जण पुढें अवमानाबद्दल तुरुंगांत गेले. बाकीच्यांसाठीं काळी यादी तयार झाली. यादींतून सुटण्याचा मार्ग एकच, नांवें सांगणें. आणि नवल असें कीं तीं नांवें समितीजवळ बहुधा आधींच असत! लॅरी पार्क्स या लोकप्रिय नटानें मार्च १९५१ मध्यें स्वतःविषयीं सर्व कबूल केलें, आणि दुसऱ्यांचीं नांवें घेण्याची नामुष्की मजवर आणूं नका, म्हणून अक्षरशः गयावया केली. समितीनें तीं बंद दाराआड वदवून घेतलींच. माहितीची गरज कोणासच नव्हती. माणूस वांकलेला पाहावयाचा होता. पार्क्सचा धंदा तरीहि बुडाला तो बुडालाच. मिलरची पाळी जून १९५६ मध्यें आली. स्वतःविषयीं विचाराल तें सांगेन, दुसऱ्याचें नांव घेणार नाहीं, असें तो म्हणाला. त्याला दंड आणि निलंबित शिक्षा झाली, ती १९५८ सालीं अपिलांत रद्द झाली.

घरें येथेंहि फुटलीं. ज्यूलियस व एथेल रोझेनबर्ग या दांपत्यावर रशियाला गुपितें पुरविल्याचा खटला झाला, त्यांत एथेलविरुद्ध मुख्य साक्ष तिचा धाकटा भाऊ डेव्हिड ग्रीनग्लास आणि त्याची पत्नी यांची. हेरगिरींत डेव्हिड स्वतः गुंतलेला होता. बहिणीनें गुप्त टिपणें टंकलेखनयंत्रावर उतरविलीं, असें त्यानें सांगितलें. त्याच्या पत्नीवर खटलाच झाला नाहीं. १९ जून १९५३ रोजीं पतिपत्नींस विजेच्या खुर्चींत मारण्यांत आलें, तेव्हां त्यांचीं मुलें दहा आणि सहा वर्षांचीं होतीं. शेवटच्या घटकेस तरी दोघांपैकीं कोणी कबुली देईल, नांवें सांगेल, म्हणून सरकारी अधिकारी त्या तुरुंगांत सज्ज बसले होते. ज्यूलियस हेर होता हें आतां सिद्ध आहे. एथेलची गोष्ट निराळी. २००१ सालीं म्हाताऱ्या डेव्हिडनें उघड सांगितलें कीं, टंकलेखनाची ती साक्ष आपण पत्नीला वांचविण्यासाठीं दिली, बहिणीनें टंकलेखन केल्याचें आपणांस आठवतहि नव्हतें. बायको कीं बहीण, असा पेंच ज्या पुरुषापुढें कधींहि न येवो असें आम्हांस वाटतें, तो सरकारनें त्याच्यापुढें मुद्दाम मांडला होता. तरी त्यानें तो ज्या रीतीनें सोडविला तिला क्षमा नाहीं.

मॅकार्थीविरुद्ध स्वतःच्या पक्षांतून पहिला स्पष्ट आवाज उठला तो १ जून १९५० रोजीं, आणि तो सिनेटांतील तेव्हांच्या एकुलत्या एका स्त्रीचा, मार्गारेट चेस स्मिथ हिचा. पक्षाचे सहाच सभासद तिच्यामागें उभे राहिले. मॅकार्थी पडला तो चार वर्षांनीं, खुद्द सैन्यावर आरोप केल्यावर. १९५४ च्या वसंतांत दूरचित्रवाणीवर लोकांनीं त्याला साक्षीदारांवर गुरगुरतांना घरबसल्या पाहिलें, आणि २ डिसेंबरास सिनेटनें ६७ विरुद्ध २२ मतांनीं त्याचा निषेध केला. तीन वर्षांच्या आंत तो वारला.

पश्चात्ताप सेलेमांत त्या मानानें लवकर आला. १६९७ सालीं न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल बोस्टनच्या प्रार्थनामंदिरांत सर्वांसमक्ष उभा राहिला आणि त्याची लेखी क्षमायाचना वाचण्यांत आली. बारा ज्यूरींनींहि क्षमा मागितली. आरोप करणाऱ्या मुलींपैकीं ॲन पटनम हिनें १७०६ मध्यें तेंच केलें. स्टाउटननें मात्र शेवटपर्यंत मागितली नाहीं. १७११ सालीं कायद्यानें बहुतेक शिक्षा रद्द झाल्या, वारसांस मिळून ५७८ पौंड १२ शिलिंग वांटण्यांत आले. विसाव्या शतकांतील पीडितांचा हिशेब अजून तुकड्यातुकड्यानें चालला आहे. अणुशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांस १९५४ सालीं अविश्वसनीय ठरविणारा निर्णय २०२२ च्या डिसेंबरांत रद्द झाला. ते १९६७ मध्येंच निवर्तले होते.

त्याच वर्षीं, कांहीं महिने आधीं, सेलेमच्या खटल्यांतील शेवटचें नांवहि निर्दोष ठरलें. अँडोव्हर गांवची एलिझाबेथ जॉन्सन ही बावीस वर्षांची मुलगी, तिच्या स्वतःच्या आजोबांच्या म्हणण्याप्रमाणें बुद्धीनें थोडी भोळसट. तिनें कबुली दिली होती; १६९३ मध्यें तिला देहांताची शिक्षा झाली, ती फिप्सनें तहकूब केली. १७११ च्या यादींत तिचें नांव राहून गेलें. आपलेंहि घालावें म्हणून तिनें १७१२ सालीं अर्ज केला, त्याचें कांहीं झालें नाहीं. तिचें लग्न झालें नाहीं, मूलबाळ नव्हतें. त्यामुळें पुढच्या तीनशें वर्षांत इतरांचे वंशज आपापल्या पूर्वजांसाठीं सरकारदरबारीं खेटे घालीत राहिले, तिच्यासाठीं कोणी गेलें नाहीं. अखेर त्याच भागांतील एका शाळेंतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींनीं आपल्या शिक्षिकेच्या मदतीनें कागद शोधले, अर्ज लिहिले, आणि कायदेमंडळानें तिचें नांव त्या यादींत घातलें.